सूर्याची रोजनिशी

पांढऱ्या कागदावर कंपासने पंधरा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढायचं. तीन इंची साधी दुर्बीण स्टँडवर बसवायची, तिच्यावरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण लावायचं आणि तोंड सूर्याकडे वळवायचं. डोळा दुर्बिणीच्या आसपासही न्यायचा नाही. नेम लागला का हे तिची सावलीच सांगते: सावली आखूड होत होत नळीच्या घेराएवढी उरली की सूर्य बरोबर समोर आला. मग नेत्रिकेच्या मागे फूटभरावर तो कागद धरायचा आणि काढलेल्या वर्तुळात उजेडाची चकती नेमकी बसेपर्यंत मागेपुढे करायचा. जालन्यात दिवाळीपासून मेअखेरपर्यंत हे जवळजवळ कुठल्याही सकाळी कुठल्याही गच्चीवर करता येतं. सूर्याची वेधशाळा मुळात एवढीच असते. पुढचं सगळं या कागदाचाच विस्तार आहे.

चकती नीट बघितली तर ती मध्ये लख्ख आणि कडेला किंचित मळकट दिसते. दुर्बिणीत दोष आहे असं आधी वाटतं, पण तसं नाही. सूर्य वायूचा आहे, त्याला जमिनीसारखा पृष्ठभाग नाही. मध्यावर आपली नजर सरळ आत उतरते आणि जास्त तापलेल्या थरापर्यंत पोचते. कडेला ती तिरपी जाते आणि वरच्या, थोड्या थंड थरांतच अडकते. म्हणजे १५ कोटी किलोमीटरवरच्या गोळ्यात वर जावं तसं तापमान उतरत जातं, हे गच्चीवर बसून कागदावर वाचता येतं. मला आजही हे कमालीचं वाटतं. रात्रीच्या आकाशातला कुठलाही तारा घ्या, मोठमोठ्या दुर्बिणींतूनही तो बहुधा ठिपकाच राहतो. ज्याचा चेहरा असा तपशिलात दिसतो तो तारा एकच, आणि तो रोज सकाळी आपल्या दारात येतो.

चेहऱ्यावर काळे ठिपके असतात. ठिपका खरा की काचेवरची धूळ, याची परीक्षा सोपी आहे. कागद हलवला आणि ठिपका कागदाबरोबर गेला, तर तो कागदावरचा डाग. नेत्रिका फिरवली आणि ठिपका तिच्याबरोबर फिरला, तर ती धूळ. दोन्ही करूनही जो सूर्याला चिकटून राहतो, तो सौरडाग. जरा मोठा असेल तर त्यात गडद गाभा आणि भोवती करडी झालर असे दोन भाग स्पष्ट दिसतात. सूर्याचा व्यास १३ लाख ९० हजार किलोमीटर. आपल्या पंधरा सेंटिमीटरच्या वर्तुळात पृथ्वी मांडली, तर ती दीड मिलिमीटरही भरणार नाही. पेन्सिलीच्या टोकाने जो डाग आपण सहज टिपून ठेवतो, त्यात अनेकदा पृथ्वी आरामात मावते.

हा काळेपणा मात्र फसवा आहे. जालना लोखंडाचं गाव. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळून त्याचं बिलेट होतं आणि बिलेटची सळई. वितळलेल्या पोलादाकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नाही, आणि त्याचं तापमान असतं पंधरा-सोळाशे अंश सेल्सिअस. सौरडागाचा काळाकुट्ट गाभा साडेतीन ते चार हजार अंशांचा असतो. भट्टीच्या दुपटीहून जास्त तापलेली जागा आपल्याला काळी दिसते, कारण तिच्या शेजारचा सूर्य साडेपाच हजार अंशांचा आहे आणि गाभ्यातून त्याच्या जेमतेम पाव भाग प्रकाश येतो. एखादा मोठा डाग सूर्यापासून वेगळा काढून रात्रीच्या आकाशात ठेवता आला असता, तर तो पौर्णिमेच्या चंद्राहून जास्त तळपला असता.

तो थंड का पडतो, याचं उत्तर १९०८ मध्ये मिळालं. अमेरिकेत माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेल यांनी डागातून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट काढला, तेव्हा त्यातल्या काही काळ्या रेषा फाटून दुहेरी-तिहेरी झालेल्या दिसल्या. प्रकाश देणारा वायू जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात असेल तरच असं होतं. डागातलं हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट असतं. सूर्याच्या पोटातून उष्णता वर आणणारा वायू उसळ्या मारत येत असतो. हे क्षेत्र त्याला तिथे उसळू देत नाही, आणि खालची उष्णता अडली की वरचा भाग निवतो. सौरडाग म्हणजे सूर्याच्या आतून वर आलेल्या चुंबकीय दोरखंडाची कापलेली तोंडं. बहुतेकदा ती जोडीने असतात, एक उत्तर ध्रुव आणि एक दक्षिण.

एका दिवसाच्या चित्रातून एवढं कळतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा कागद धरला, की डाग थोडे सरकलेले असतात. पूर्व कडेवर उगवलेला डाग सुमारे तेरा दिवसांत पश्चिम कडेला पोचून नाहीसा होतो, आणि दांडगा असेल तर आणखी तितक्याच दिवसांनी पुन्हा पूर्वेकडून डोकावतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे असं कळलं. तो सगळा एका वेगाने फिरत नाही हेही याच चित्रांतून कळलं. विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत फेरी पुरी करतो, ध्रुवांकडचा महिना उलटून गेला तरी मागेच असतो. या ओढाताणीत आतली चुंबकीय क्षेत्रं ताणली जातात, पिळली जातात, आणि कधीतरी उसळून वर येतात.

जर्मनीतल्या देसाऊ गावात हाइन्रिख श्वाबे नावाचे औषधविक्रेते होते. बुधाच्याही आत एखादा ग्रह असेल आणि तो सूर्यासमोरून जाताना काळा ठिपका होऊन दिसेल, असं त्यांना वाटत होतं. त्यासाठी १८२६ पासून ते ढग नसलेल्या प्रत्येक दिवशी सूर्य बघायचे, आणि नव्या ग्रहाशी घोटाळा होऊ नये म्हणून एकेक डाग टिपून ठेवायचे. ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण १८४३ पर्यंत वह्या इतक्या साठल्या की त्यांत वेगळंच काही दिसू लागलं. डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या लयीत चढते आणि उतरते. आज आपण या लयीला अकरा वर्षांचं सौरचक्र म्हणतो. दुर्बीण हातात येऊन दोनशे वर्षं झाली होती, कित्येक थोर लोकांनी डाग बघितले होते, पण लय सापडली ती रोज बघणाऱ्याला.

सूर्याच्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा दिसतं, आणि मला सगळ्यात जास्त भावतं ते हेच. दूरच्या दीर्घिकेचा एखादा उत्तम फोटो जन्मभर कामाला येतो. सूर्याचा एक उत्तम फोटो फारसं काही सांगत नाही. त्याची हजेरीच घ्यावी लागते, आणि ती घेणाऱ्याच्या आयुष्यात पुरी होत नाही. दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते.

अशा हजेरीचा सगळ्यात थरारक दाखला आपल्या मुंबईत आहे. १ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या खाजगी वेधशाळेत पडद्यावर सूर्याची प्रतिमा घेऊन डागांचं चित्र काढत बसले होते. वर सांगितली तीच पद्धत, फक्त प्रतिमा मोठी. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी एका प्रचंड डागसमूहावर डोळे दिपवणारे दोन पांढरे झोत उमटले. दुसऱ्या कुणी साक्षीला असावं म्हणून ते धावत गेले आणि मिनिटाच्या आत परतले, तोवर ते विझायला लागले होते. सौरज्वालेचं हे पहिलं नोंदलेलं दर्शन. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. केरोपंत छत्रे, ज्यांच्याकडे पुढे टिळक गणित शिकले, तेही तरुणपणी याच वेधशाळेत कामाला होते. टांगलेल्या चुंबकाची किंचितशी हालचाल डोळ्यांनी वाचायची आणि आकडा वहीत लिहायचा, दिवसरात्र, ठरल्या वेळांना. चुंबक अस्वस्थ झाला की दर काही मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्याचा चुंबक असा काही ढळला की पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. कॅरिंग्टन यांना दिसलेल्या स्फोटाबरोबर सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित वायूचा लोट साडेसतरा-अठरा तासांत पृथ्वीवर आदळला होता. एरवी अशा लोटाला दोन ते चार दिवस लागतात. त्या दिवशी अमेरिकेत काही तारायंत्रं बॅटरी काढल्यावरही चालत राहिली, क्यूबापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. पण वादळाची खोली आकड्यात पकडली ती कुलाब्याच्या वहीने. त्या वहीकडे जगाचं लक्ष गेलं २००३ मध्ये, जेव्हा भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या नोंदींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकशे चव्वेचाळीस वर्षं ते आकडे तिथेच होते.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या विजेने चुंबक बिथरतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची आहे. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. तिथे नोंदी आजही चालू आहेत. सूर्याकडे न बघता सूर्याची नोंद ठेवणारी ही वेधशाळा आहे, आणि अलिबागला समुद्रावर जाणाऱ्या हजारो लोकांना तिच्या फाटकावरून जाताना याची कल्पना नसते, याचं मला वाईट वाटतं.

सूर्याकडे थेट बघणारी वेधशाळा पुण्यात होती. कावसजी दादाभाई नायगमवाला हे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे पारशी प्राध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली, आणि १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळात भारतातली सर्वांत मोठी होती. नायगमवालांचं मन वर्णपटात रमलं होतं. तारा किंवा सूर्य कशाचा बनला आहे, हे प्रकाश फोडून वाचण्याची विद्या तेव्हा नवी होती.

आणि मग सूर्य स्वतःच महाराष्ट्रात चालून आला. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाच्या सावलीने कोकण किनाऱ्यावर पाऊल टाकलं, सह्याद्री ओलांडला आणि सोलापूर जिल्ह्याचा उत्तर कोपरा, मराठवाडा, विदर्भ असा तिरपा पट्टा कापत ती पुढे गेली. जालना शहर पट्ट्याच्या उत्तरेला राहिलं, तिथे सूर्याची कोर उरली असणार. सावलीचा मध्य दक्षिणेकडून, बीड-परभणीच्या बाजूने गेला. मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत होती, तरी जगभरचे खगोलज्ञ या पट्ट्यावर येऊन बसले. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर, जेऊर स्टेशनाजवळ नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन, नागपूरच्या रेल्वेमार्गावर तळणीला ब्रिटिश हौशी मंडळींबरोबर वॉल्टर आणि ॲनी माँडर हे दांपत्य. सगळ्यांना हवी होती ती फक्त दोनेक मिनिटं.

विजयदुर्गावर लॉकियर यांच्या उपकरणांसाठी बांधलेले कट्टे अजून आहेत, आणि हेलियमचा शोध तिथेच लागला असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. ते तसं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात आंध्रातल्या गुंटूरहून फ्रेंच खगोलज्ञ झान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट बघितला आणि ग्रहण नसतानाही तो बघता येतो हे ओळखलं. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडहून तेच केलं आणि तिथल्या एका पिवळ्या रेषेवर नव्या मूलद्रव्याचा तर्क बांधला. विजयदुर्गाचं खरं मोल १८९८ चं आहे, आणि ते काही कमी नाही.

जेऊरला नायगमवालांना टिपायचा होता तो क्षण चंद्र सूर्याला पुरता झाकतो तेव्हाचा. त्या दोन-चार सेकंदांत तेजस्वी चकतीच्या वरचा पातळ थर एकटाच उघडा पडतो, आणि एरवी वर्णपटात काळ्या दिसणाऱ्या शेकडो रेषा एकदम रंगीत होऊन झळकतात. त्यांच्या या निरीक्षणांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. उपकरणं कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभी असलेली संस्था त्याच्याबरोबर संपते. त्या वेळी पुण्यात त्यांच्यामागे कुणी उभं राहिलं असतं तर मराठी मुलखात सूर्याचं सव्वाशे वर्षांचं सलग दफ्तर असतं, असं राहून राहून वाटतं.

ते दफ्तर कोडाईकनालला आहे, आणि त्याची मुळं दुष्काळात आहेत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळला. सौरडागांच्या चढउताराचा आणि पावसाचा संबंध सापडला तर पुढचा दुष्काळ आधी ओळखता येईल, अशी आशा तेव्हाच्या शास्त्रज्ञांना होती. त्यातूनच पळणीच्या डोंगरांत, २,३४३ मीटर उंचीवर, १८९९ मध्ये सूर्याची वेधशाळा उभी राहिली. जालन्याच्या माणसाला ही आशा समजावून सांगावी लागत नाही. २०१२-१३ चा उन्हाळा इथल्या मोसंबीच्या बागांनी पाहिला आहे, वाळलेली झाडं सरपणाला तोडावी लागली होती. त्यामुळे स्पष्ट सांगितलं पाहिजे: पावसाचं भाकीत करता येईल असा पक्का संबंध हाती लागला नाही. सौरचक्रात सूर्याचं एकूण तेज हजारात एक भाग इतकंच कमीजास्त होतं, आणि मान्सूनचे स्वतःचे खेळ त्याहून फार मोठे आहेत. डाग मोजून पेरणी ठरवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण ज्या कामासाठी वही उघडली ते झालं नाही म्हणून कोडाईकनालने ती मिटली नाही, हे त्या लोकांचं मोठेपण.

तिथे १९०४ पासून निरभ्र दिवशी सूर्याचा पांढऱ्या प्रकाशातला फोटो घेतला जातो. ज्या सहा इंची दुर्बिणीने तो घेतात ती १८५० साली पॅरिसमध्ये बनली आहे. जोडीला आणखी एक फोटो, फक्त कॅल्शियमच्या जांभळ्या रेषेच्या प्रकाशात, आणि १९१२ पासून तिसरा, हायड्रोजनच्या लाल रेषेत. एकाच वेळचे हे तीन फोटो शेजारी ठेवले की हा एकच तारा आहे हे ओळखू येत नाही. पांढऱ्यात गुळगुळीत चकती आणि चार डाग. कॅल्शियममध्ये त्याच डागांभोवती पसरलेले तेजस्वी पट्टे, चुंबकत्व जिथे जिथे आहे तिथे पेटलेले. हायड्रोजनमध्ये सबंध पृष्ठभाग केसाळ, आणि त्यावर वाकडेतिकडे काळे धागे. हेच धागे सूर्याच्या कडेवर आले की काळ्या आकाशावर लाल कमानी होऊन दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश वेगवेगळ्या उंचीवरून येतो, म्हणून रंग बदलला की आपण सूर्याच्या वातावरणात एक मजला वर चढतो.

जानेवारी १९०९ मध्ये याच डोंगरावर जॉन एव्हरशेड यांना डागाच्या करड्या झालरीतल्या वर्णरेषा किंचित सरकलेल्या दिसल्या. वायू झालरीतून बाहेरच्या दिशेने वाहत होता, सेकंदाला एक-दोन किलोमीटर. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज त्याला एव्हरशेड परिणाम म्हणतात. पुढे वेधशाळेचे संचालक वेणू बाप्पू यांच्या काळात, १९६० च्या सुमारास, तिथे जमिनीखाली साठ मीटर लांबीचा बोगदा खोदला गेला. अकरा मीटर उंच मनोऱ्यावरचे आरसे सूर्याचा माग काढत त्याचा प्रकाश खाली बोगद्यात सोडतात, आणि अंधारात चौतीस सेंटिमीटर व्यासाचा सूर्य उमटतो. जमिनीखाली कशाला? कारण सूर्याच्या अभ्यासातली मोठी अडचण सूर्यच निर्माण करतो. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा उकळू लागते आणि प्रतिमा थरथरते. एप्रिलमध्ये काळ्या रानावर झळा नाचताना बघितल्या असतील, तर दुपारी बाराला कागदावरचा सूर्य का पोहतो हे लगेच कळेल. चांगली चित्रं मिळतात ती सूर्य वर आल्यावर पहिल्या तास-दोन तासांत, माती तापायच्या आधी. उदयपूरची वेधशाळा १९७५ च्या सुमारास अरविंद भटनागर यांनी फतेहसागर तलावातल्या बेटावर उभारली ती याच कारणासाठी. पाणी लवकर तापत नाही.

ढगांचं काय? त्यावरचं एक उत्तर १९६५ मध्ये कल्याणला उभं राहिलं. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या मांडल्या, चोवीस पूर्व-पश्चिम ओळीत आणि आठ दक्षिणोत्तर. या तबकड्या सूर्याच्या रेडिओलहरी ऐकायच्या, आणि त्या लहरींना पावसाळी ढग अडवत नाहीत. त्यांनी दाखवलं की या लहरींत शांत सूर्याची कड मध्यापेक्षा जास्त तेजस्वी असते, कागदावर दिसतं त्याच्या नेमकं उलट. कारण रेडिओलहरी येतात त्या वरच्या प्रभामंडळातून, आणि त्याचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे. साडेपाच हजार अंशांच्या चकतीवरचं आवरण तिच्याहून शेकडो पट तापलेलं कसं, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. पुढे उटीची दुर्बीण आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण झाली, त्याची पहिली उमेदवारी कल्याणच्या माळावर सूर्य ऐकण्यात झाली.

रात्रीचं उत्तर मात्र एका देशाला देता येत नाही. सूर्याची चकती दर पाच मिनिटांच्या आसपास खालीवर होत असते, लाखो वेगवेगळ्या लयी एकमेकींत मिसळून. त्या लयी सुट्या करायच्या तर सूर्य मावळताच कामा नये. म्हणून १९९५ पासून सहा ठिकाणी सारखीच उपकरणं बसवली आहेत: कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, उदयपूर, तेनेरीफ बेट आणि चिली. उदयपूरला सूर्य कलला की तेनेरीफने तो कधीच हाती घेतलेला असतो. ही कंपनं म्हणजे सूर्याच्या पोटातून फिरून आलेले ध्वनितरंग. चुंबकीय प्रदेशातून जाताना त्यांना लागणारा वेळ काही सेकंदांनी बदलतो, आणि एवढ्या फरकावरून सूर्याच्या पाठीमागे, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला, मोठा डाग वाढतो आहे का हे सांगता येतं. सूर्याच्या आरपार बघण्याची ही युक्ती जमिनीवरून चालते.

आता आदित्य-एल१ हे भारताचं अंतराळयान आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, ६ जानेवारी २०२४ ला १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली. जमिनीवर जो अतिनील प्रकाश ओझोनमुळे पोचतच नाही, त्यात ती सबंध सूर्याचे फोटो घेते. मग गच्चीवरच्या कागदाला अर्थ काय? मे २०२४ मध्ये एक डागसमूह इतका मोठा झाला की पंधरा पृथ्व्या ओळीत मावल्या असत्या. १० आणि ११ मे रोजी त्याचे लोट पृथ्वीवर आदळले, लडाखच्या हानलेचं आकाश लाल झालं, अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर थांबले. त्या वादळाची जगभराची सरासरी घसरण सुमारे ४०० नॅनोटेस्ला होती. कुलाब्याची १६०० ही एका ठिकाणची नोंद, तेव्हा तुलना काटेकोर नाही. तरी सूर्य काय करू शकतो याचा अंदाज येतो. आणि असं वादळ शतकात किती वेळा येतं हे कुठलाही नवा उपग्रह एकट्याने सांगू शकत नाही. त्यासाठी जुन्या वह्याच काढाव्या लागतात, आणि नव्या मोजणीला जुनीशी जोडायचं तर मोजायची रीत तीच ठेवावी लागते.

ती रीत अशी. डागांचे समूह मोजायचे, त्यांना दहाने गुणायचं, आणि त्यात सुट्या डागांची संख्या मिळवायची. चार समूह आणि सगळे मिळून सतरा डाग असतील तर आकडा ५७. झ्युरिकच्या रुडॉल्फ वोल्फ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घालून दिलेला हा हिशोब. आज ब्रुसेल्समधलं केंद्र जगभरच्या ऐंशीएक निरीक्षकांकडून हे आकडे गोळा करून जागतिक सौरडागसंख्या काढतं, आणि त्यांत हौशी माणसं बरीच आहेत, लहान दुर्बीण आणि कागदवाली. पाऊण शतकापूर्वीच्या आकड्यांशी आजचे जुळतात ते या माणसांमुळे.

जालना जिल्ह्यात अशी वेधशाळा का चालू नये? पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आकाश मोकळं असतं. १९ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या थोडं आधी इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते, हे अनेक शाळा आता मुलांना दाखवतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो तसाच परत येतो, पण बहुधा ढगांआड. सूर्यनमस्काराचा आग्रह धरणाऱ्या समर्थ रामदासांचं जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. रोज सकाळी सूर्याला सामोरं जायची रीत इथे कुणाला नवी नाही, तिच्यात एक पेन्सिल घालायची आहे. काळजी तेवढी घ्यायची: प्रतिमा कागदावरच बघायची, दुर्बीण उघड्यावर मुलांजवळ सोडून जायचं नाही, चिकटवलेल्या भिंगांची महागडी नेत्रिका वापरायची नाही कारण उष्णतेने ती तडकते. नुसत्या डोळ्यांनी बघायचंच असेल तर चौदा नंबरची वेल्डिंगची काच. एक्स-रेची फिल्म नाही, काजळी धरलेली काच तर नाहीच.

सुरू करायला हा काळ चांगला आहे. चालू चक्र, मोजणीतलं पंचविसावं, २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि २०२४ मध्ये माथ्यावर आलं. आता उतार आहे, आणि २०३० च्या आसपास काही दिवस असे येतील की कागदावर एकही डाग उमटणार नाही. तळणीला ग्रहण बघून परतलेल्या माँडर दांपत्याने १९०४ मध्ये वर्षानुवर्षांच्या डागांच्या जागा एकाच आलेखावर मांडल्या. चक्र उतरतं तसे डाग सूर्याच्या विषुववृत्ताकडे सरकतात, आणि नव्या चक्राचे पहिले डाग एकदम तीस-पस्तीस अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला फुटतात. त्यांच्या जोडीतले चुंबकीय ध्रुवही आधीच्या चक्राच्या उलटे असतात. ते पहिले डाग लहान असतात, एक-दोन दिवस टिकतात, आणि ज्याने त्या दिवशी कागद धरला त्यालाच दिसतात.